गुळाचा चेंडू आणि रुमालाखालची बोटं

जगातला सर्वांत चांगला फुटबॉलपटू कोण, हे दरवर्षी दोन ठिकाणी ठरतं. एक पॅरिस, दुसरं हिंगणमळा. पॅरिसला मी अजून गेलेलो नाही. साताऱ्यात पुष्कळांचा समज वेगळा आहे, आणि तो कोणी करून दिला याच्या खोलात आत्ता शिरायला नको. हिंगणमळ्याला मात्र खरोखर जाऊन आलो, तीन दिवस राहिलो आणि येताना माझी एक चांगली पँट तिथंच सोडून आलो. ज्यांनी हे गाव पाहिलेलं नाही, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पेठ नाक्याला महामार्ग सोडायचा, इस्लामपूर मागं टाकायचं आणि सांगलीच्या दिशेनं उसातून जात राहायचं. एक वेळ अशी येते की दोन्ही बाजूंना उसाखेरीज काही दिसत नाही आणि आपण रस्ता चुकलो अशी खात्री पटते. तिथं उतरायचं. एक मारुती, एक दर्गा, एक शाळा आणि शाळेमागं फुटबॉलचं मैदान. घरटी एक माणूस फौजेत, आणि फौजेतून सुट्टीवर येताना प्रत्येकानं ट्रंकेतून थोडा थोडा फुटबॉल आणला. आता तिथं लहान मूल चालायला लागलं की आधी पाय उचलतं आणि मग पुढं टाकायचा की लाथ मारायची याचा विचार करतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं. सौ. म्हणते नाही पाहिलं. ती बरोबर होती, पण तिचं लक्ष वांग्यांकडे होतं.

काही वर्षांपूर्वी पॅरिसला सर्वांत चांगल्या फुटबॉलपटूला देतात तो सोन्याचा चेंडू भलत्याच माणसाला गेला, असं गावाचं मत पडलं. गावानं तिकडं निषेधाचं पत्र पाठवलं म्हणतात. उत्तर आलं नाही. तेव्हा ठरलं की आपला निकाल आपण लावायचा, आणि तोही पॅरिसच्या दिवशीच पण सकाळी. म्हणजे त्यांना चुकायचंच असेल तर निदान बघून चुकतील.

पहिला दिवस : माझी निवड कशी झाली

मी चौतीस वर्षं साताऱ्याच्या शाळेत शिट्टी वाजवली. फुटबॉल मला कळतो. पण हिंगणमळ्यानं मला बोलावलं ते त्यासाठी नव्हे, हे तिथं पोचल्यावर कळलं.

झालं असं होतं की गेल्या उन्हाळ्यात इस्लामपूरला एका लग्नात, जेवणाची पंगत लांबली म्हणून, मी चार लोकांना आमच्या मैदानावर आलेल्या बिबट्याची गोष्ट सांगितली. बिबट्या कसा गोलपोस्टमध्ये येऊन बसला, पोरांनी घाबरून चेंडू कसा मारला, आणि त्यानं तो पंजानं कसा अडवला. एक नव्हे, तीन. पुढं ओघात हेही बोलून गेलो, की पॅरिसच्या त्या निवडीत एक मत माझंही असतं. ऐकणाऱ्यांत सुभेदार बाजीराव होते. सुभेदार म्हणजे हिंगणमळ्याच्या निवड समितीचे एक बुजुर्ग. फौजेतून निवृत्त, ताठ, मिशा अशा की त्यांच्यावर कपडे वाळत घालावेत.

आम्ही गेलो तेव्हा सुभेदार एसटीच्या थांब्यावर उभे होते. माझ्याकडं बघून सौ.ला नमस्कार केला. मी कंदी पेढ्यांचा पुडा पुढं केला आणि म्हटलं, एवढ्या मोठ्या कामाला माझी आठवण काढलीत, माझा पॅरिसचा अनुभव—

"मास्तर, आमाला ठावं हाय तुमी पॅरिसला गेला न्हाई," सुभेदार शांतपणे म्हणाले. "म्हणूनच बोलावलंय."

मग घरी जाता जाता त्यांनी समितीचं गणित उलगडून सांगितलं. मतं पाच. पाचही जण मत गुप्त देतात. ती घ्यायला एक परका माणूस लागतो, कारण गावातला माणूस असला तर दुसऱ्या दिवशी पारावर सगळं फुटतं. आजवर जे घेत होते ते पाहुणे गेल्या मे महिन्यात गावचे जावई झाले, म्हणजे परके राहिले नाहीत. नवा माणूस शोधताना समितीनं विचार केला की परका झाला म्हणून काय, तोही कुठंतरी बोलणारच. तेव्हा असा माणूस आणावा की तो बोलला तरी कोणी विश्वास ठेवणार नाही. ह्या कामाला अख्ख्या दोन जिल्ह्यांत माझं एकच नाव पुढं आलं, एकमतानं.

हा माझा सन्मान झाला की अपमान, हे ठरवायला मी सौ.कडे पाहिलं. ती दुसरीकडे बघून हसत होती.

रात्रीच्या जेवणाला कृष्णाकाठची भरली वांगी, ज्वारीची भाकरी आणि मटणाचा पातळ रस्सा होता. आमच्याकडं साताऱ्याला रस्सा तिखट असतो. इथं तो आधी गोड बोलतो आणि दोन घास गेल्यावर कानात शिरतो. वांगी तर अशी मऊ, की ताटात वाढायच्या आतच विरघळतील म्हणून सुभेदारांची सून ती पळत आणत होती. जेवताना सुभेदारांनी यंदाचे चार उमेदवार सांगितले. परदेशी नावं गावाच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून गावानं त्यांची बारशी केली आहेत. पहिला हरण, म्हणजे पुढं धावून गोल मारणारा. दुसरा भिंत, म्हणजे मागं उभा राहून अडवणारा. तिसरा वकील, तो मध्ये उभा राहून सगळ्यांशी भांडतो. चौथा नवरदेव, त्याचा एक केस कधी विस्कटत नाही.

"तुमचं मत भिंतीला," मी म्हटलं. हे ओळखायला पॅरिसला जावं लागत नाही.

सुभेदारांनी भाकरीचा तुकडा मोडला. दरवर्षी त्यांनी मागं खेळणाऱ्यालाच मत दिलं होतं आणि दरवर्षी पुढं खेळणारा निवडून आला होता. हे शेवटचं वर्ष, असं त्यांनी समितीला कळवून टाकलं होतं. यंदाही अडवणारा आला नाही, तर ते समितीतून उठणार.

"गोल मारणाऱ्याची गोष्ट लोक सांगत्यात," ते म्हणाले. "अडवणाऱ्याची कोण सांगणार? जे झालंच न्हाई त्याची गोष्ट कशी सांगायची, मास्तर?"

जे झालंच नाही ते सांगण्यात माझी हयात गेलेली. पण त्या ताटासमोर मी दुकान बंद ठेवलं. मी रस्सा मागून घेतला.

दुसरा दिवस : सांगली, आणि माझी पँट

सकाळी याकूबशेठ दारात मोटारसायकल घेऊन हजर. हे समितीतले दुसरे बुजुर्ग. सांगलीच्या बाजारात त्यांच्या आज्यापासून हळदीचा व्यापार. सुभेदारांचे लहानपणापासूनचे सवंगडी आणि फुटबॉलच्या बाबतीत कट्टर वैरी. गावच्या जुन्या संघात सुभेदार मागं खेळायचे, याकूबशेठ पुढं. अंगानं हे सुभेदारांच्या दीडपट आणि आवाजानं तिप्पट. त्यांचं मत हरणाला हे चार वाड्यावस्त्यांना माहीत होतं, कारण ते कुजबुजले तरी तेवढ्या टापूत ऐकू जातं.

"काय बाज्या, भिंतीला चुना मारून ठेवलास का?" त्यांनी फाटकातूनच विचारलं. "उद्या पडणार हाय."

"तू हरणाला चारा घाल," सुभेदार म्हणाले. "पळून पळून दमलंय."

हे भांडण ऐकायला मला मजा आली. आमच्या साताऱ्यात दोन माणसं भांडली की तिसरा सोडवायला जातो. इथं तिसरा खुर्ची घेऊन बसतो.

सांगलीला जाण्याचं कारण माझं शिक्षण. मत घ्यायची रीत याकूबशेठच्या घरातून आलेली. पूर्वी हळदीचे सौदे रुमालाखाली व्हायचे. व्यापारी आणि अडत्या एकमेकांचा हात धरायचे, वरून रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव फक्त त्या दोन हातांना कळायचा. आता सौदे उघड बोलीनं होतात. पण याकूबशेठच्या आज्याचा रुमाल शिल्लक आहे. मूळचा पांढरा होता म्हणतात. आता तो हळदीनं इतका पिवळा झाला आहे की नवरीला नुसता गुंडाळला तरी हळद लागावी.

बाजारात पोत्यांच्या थप्प्यांमधून जाताना आधी शिंक येते, मग डोळ्यांत पाणी येतं आणि मग सगळं जग प्रसन्न वाटायला लागतं. सौ.नं तिथल्या एका दुकानात हळकुंडं वाकवून, मोडून, हुंगून इतकी तपासली की दुकानदारानं शेवटी, वहिनी, तुमी हिकडंच बसा, मी गिऱ्हाईक होतो, असं हात जोडून सांगितलं. मी मात्र एका पोत्यावर बसून शिकत होतो. याकूबशेठनी रुमाल टाकला. एक बोट दाबलं की पहिला उमेदवार, दोन म्हणजे दुसरा, असं चारपर्यंत. सोपं वाटतं. पण रुमालाखाली हात गेला की माणसाला स्वतःची बोटं किती आहेत तेही आठवत नाही. पहिल्या खेपेला मी सहावा उमेदवार निवडून आणला.

मी विचारलं, की ह्यात कोणी फसवत नव्हतं का? बोट दाबायचं एक आणि बाहेर सांगायचं दुसरं?

याकूबशेठचा आवाज तिथं पहिल्यांदा खाली आला. "तोंडानं लय खोटं चालायचं बाजारात. रुमालाखाली न्हाई. तिथं खोटं बोललेला माणूस माझ्या आज्यानं बघितला न्हाई, मी बी न्हाई."

नंतर कृष्णेच्या घाटावर बसून आम्ही भडंग खाल्लं. नदी रुंद, संथ, आणि पैलतीराला म्हशी अशा निवांत बसलेल्या, जणू त्यांचाच घाट आहे आणि आपण पाहुणे. भडंगाचा लसूण जिभेवर असतानाच मी याकूबशेठना सहज डिवचलं, की सुभेदार चांगले खेळायचे का? त्यांनी भडंगातले शेंगदाणे निवडून एका बाजूला केले. मग म्हणाले, की मिरजेला एक सामना झाला होता. शेवटच्या मिनिटाला समोरच्यानं मारलेला चेंडू बाज्यानं रेषेवरून छातीनं काढला आणि लांब टाकला. तोच चेंडू पुढं ह्यांच्या पायात आला आणि ह्यांनी गोल केला.

"फेटा मला बांधला. मिरवणूक माझी निघाली. बाज्या मागं चालत हुता, छाती चोळत." त्यांनी हात झटकले. "पण म्हणून भिंतीला मत? मरंपातूर न्हाई. फुटबॉल म्हंजे गोल."

आणि पुन्हा पहिल्या आवाजात हसले. पलीकडची एक म्हैस उठून उभी राहिली.

परतीच्या वाटेवर गुऱ्हाळ. हिंगणमळ्याचा सोन्याचा चेंडू गुळाचा असतो. नुकतीच गुऱ्हाळं लागली होती. काहिलीत रस रटरटत होता, चुलाणात चिपाडं धडाडत होती, आणि गुळव्या भेंडीचा चिक टाकून वरची मळी काढत होता. दोन गोल बुडाच्या पातेल्यांत दोन अर्धे ओतायचे, निवले की पाकानं सांधायचे. खेळाडू अकरा म्हणून चेंडू अकरा किलोचा. मला वाटलं होतं पिवळाधमक असेल. निघाला तपकिरी. मी तसं बोललो, तर गुळव्या म्हणाला, की पावडर टाकली तर सोन्यासारखा करून देतो, पण मग तो पॅरिसचा होईल.

आता पँटविषयी. सौ. सकाळी आली तशीच एका ओळखीच्या बाईंच्या रिक्षातून पुढं गेली होती. मी याकूबशेठच्या गाडीवर मागं, मांडीवर चेंडू, चेंडूवर ओलं फडकं. चेंडू वरून घट्ट होता, आतून नव्हता. उन्हानं आणि खड्ड्यांनी आपापलं काम केलं. अर्ध्या वाटेत मला जाणवलं की चेंडू आणि मी आता वेगळे राहिलो नाही. मग सांगली जिल्ह्यातल्या मधमाश्यांना बातमी लागली. पहिल्या दोन आल्या, मग बावीस, मग मोजायला सवड राहिली नाही. याकूबशेठ गाडी हाणत होते, मी चेंडू कवटाळून ओरडत होतो आणि आमच्यामागं माश्यांचा असा काळा पट्टा, की आष्ट्याच्या बाजूचे लोक ढग आला म्हणून वाळवण काढायला धावले.

गावात पोचल्यावर मला चेंडूपासून सोडवायला चार माणसं लागली. चेंडूला काही झालं नाही. पँट सुभेदारांच्या गोठ्यात वैरणीच्या खुंटीला लावली. सकाळी पाहिलं तर म्हशीनं ती खिशापर्यंत चाटून स्वच्छ केली होती.

तिसरा दिवस : मैदानावर

सकाळी शाळेमागच्या मैदानात गाव जमलं. टेबलावर चेंडू, भोवती परातीत पाणी, म्हणजे मुंग्यांना मतदान करता येऊ नये. शेजारी दोन खुर्च्या, मधे तो रुमाल. समितीचे पाच जण ओळीनं उभे. सुभेदार आणि याकूबशेठ तुम्हाला माहीत आहेत. तिसऱ्या शाळेच्या शिंदेबाई, मुलींच्या संघाच्या गुरू. बाई सडेतोड, आपलं मत भिंतीला आहे हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. त्यांचं म्हणणं, माझ्या पोरी मागं खेळायला तयार होत नाहीत, त्यांना काहीतरी दाखवायला पाहिजे. चौथा चहावाला गणपा, त्याच्या हॉटेलच्या भिंतीवर हरणाचं चित्र. पाचवा पोल्ट्रीवाला नामदेव, त्याच्या टेंपोवर नवरदेव रंगवलेला, कोंबड्यांच्या जाळीपर्यंत केस पसरलेले. सगळ्या गावाचा हिशेब सरळ होता. भिंतीला दोन, नवरदेवाला एक, आणि हरणाला दोन. तशात शिंदेबाईंनी ऐनवेळी मन बदललं अशी आवई गणपानं सकाळपासून उठवलेली. बरोबरी झाली तर गेल्या वर्षीचा विजेता ज्या जागेवर खेळतो त्याच जागेवरचा निवडून येतो असा नियम, आणि गेल्या वर्षीही पुढचाच आला होता. म्हणजे सुभेदार उठणार हे ठरल्यासारखंच होतं. त्यांनी इस्त्रीचा कोट घातला होता, छातीवर पदकं लावली होती. हरायला इतका नटून आलेला माणूस मी पाहिला नव्हता.

एकेक जण समोर बसला. रुमालाखाली मी हात घेतला. कोणाचा हात कोणता, हे मी सांगणार नाही, शपथ घेतली आहे. एवढं सांगतो की एक हात लोखंडासारखा होता आणि त्यानं दोन बोटं अशी दाबली की अजून सकाळी दुखतं. एका हाताला खडू लागलेला होता. एका हाताला चहाचा वास, एकाला कोंबड्यांचा. आणि एका हाताच्या रेषांत हळद होती, धुऊन न जाणारी. त्या हाताचा धनी वरून गावाला हसवत होता, भिंतीच्या विटा मोजत होता, बाज्याला पाणी द्या म्हणत होता. खाली मात्र हात गप्प. आधी एक बोट दाबलं. काढलं. वर आणखी एक विनोद झाला, लोक हसले. खाली त्या हाताला घाम आला होता. मग सावकाश, दोन बोटं. आणि धरून ठेवली, मला चूक होऊ नये म्हणून.

नियम असा, की फक्त विजेता सांगायचा. कोणाला किती मतं, ते नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "भिंत."

मला वाटलं, आता टाळ्या होतील. त्याऐवजी गणपा म्हणाला, "पाव्हणं, ह्यो बी बिबट्याच का?"

लोक हसले आणि तेव्हा समितीच्या लक्षात आलं, की आपण काय करून बसलो. गुपित फुटू नये म्हणून खोटारडा माणूस आणला, पण निकालही त्याच्याच तोंडून ऐकायचा होता, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जो तो म्हणायला लागला, की मास्तरांनी म्हाताऱ्याचं मन राखलं. सगळ्यांत मोठा आवाज याकूबशेठचा. "माझ्या हरणावर अन्याव झाला. मास्तर सुभेदाराची वांगी खाऊन आल्यात." आणि हे ज्या तोंडानं ते बोलत होते, ते बघून मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की खोटं बोलण्यात माझ्या पुढचा माणूस भेटला.

सुभेदारांनी कोटाची गुंडी काढली. "मास्तर, उपकार झाले," ते म्हणाले. "पर दयेचा चेंडू मला नगं." आणि वळले.

चौतीस वर्षं शाळेत आणि त्याहून जास्त वर्षं बाहेर मी थापा मारल्या, त्या लोकांनी आनंदानं गिळल्या. आज एक खरी गोष्ट सांगितली तर ती गळ्याखाली उतरेना. मी शपथा घेतल्या, त्या जरा जास्तच झाल्या. शेवटी सौ. पुढं आली. तिनं पदर खोचला आणि गावाला सांगितलं, की हे थाप मारतात तेव्हा दोन्ही हात हवेत असतात. बिबट्या सांगताना तर ह्यांनी कढी सांडली होती. आत्ता बघा, खांबासारखे उभे आहेत. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, मी ह्यांच्यावर पहिल्यांदाच विश्वास ठेवते आहे.

"वहिनी, तुमी बायको हाय," सुभेदार म्हणाले. पण थांबले. मग परत आले, माझ्यासमोर खुर्चीत बसले आणि तो पिवळा रुमाल स्वतःच्या हातानं उचलून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला.

"तोंडानं नगं. हितं सांगा. भिंतीला किती?"

नियम मोडत होता. मोडला. मी तीन बोटं दाबली.

त्यांचा हात हलला नाही. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघत होतो, ते हिशेब करत होते. एक त्यांचं स्वतःचं. एक शिंदेबाईंचं, म्हणजे बाई बदलल्या नव्हत्या. गणपानं जीव गेला असता तरी हरण सोडलं नसतं आणि नामदेवाचा अजून टेंपोचा रंग वाळलेला नव्हता. सुभेदारांनी सावकाश मान वळवून तिकडं पाहिलं, जिथं याकूबशेठ अजून दोन्ही हात वर करून अन्याय अन्याय ओरडत होते. पाहत राहिले. याकूबशेठची नजर ह्यांच्यावर पडली, आणि ते ओरडायचे थांबले. मग उगाच एका पोराला परातीतलं पाणी बदलायला सांगितलं.

सुभेदारांनी माझा हात सोडला. कोटाची गुंडी परत लावली. समितीला, गावाला काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "निकाल बराबर हाय."

सुभेदार म्हणाले म्हणजे झालं. हलगी वाजली. शिंदेबाईंच्या मुली मैदानभर नाचल्या आणि त्यांतली एक लगेच गोलसमोर जाऊन हात पसरून उभी राहिली, कोणीतरी मारा म्हणून. विजेता काही चेंडू न्यायला येत नाही, त्याला तिकडं कामं असतात. म्हणून रीत अशी, की ज्यानं त्याची बाजू लावून धरली त्यानं चेंडू फोडायचा आणि गावाला वाटायचा. सुभेदारांच्या हातात लोखंडी बत्ता दिला. इतकी वर्षं हा बत्ता याकूबशेठच्या हातातला. सुभेदारांनी आजवर फक्त लांब उभं राहून आपला तुकडा घेतलेला.

त्यांनी बत्ता उचलला, आणि चेंडूवर असा टेकवला की मुंगीही दचकली नसती. पुन्हा उचलला. पुन्हा टेकवला. लोक हसायला लागले. सुभेदार घामाघूम झाले होते. शेवटी याकूबशेठ गर्दीतून वाट काढत आले, त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि चेंडूवरून बोट फिरवून दोन अर्ध्यांचा सांधा दाखवला.

"हितं. ह्या रेघंवर. जोरात."

"फुटंल की रं सगळा."

"फुटाय पायजे," याकूबशेठ म्हणाले. "बाज्या, आयुष्यभर अडवलंस. एकदा मार की."

सुभेदारांनी मारला. पहिला तुकडा याकूबशेठच्या छातीवर बसला आणि त्यांनी तो तिथंच धरला.